बट कोणाची?

श्रोतेहो, नमस्कार. एकोणिसाव्या शतकात युरोप-अमेरिकेत माणसाच्या केसांपासून ब्रूच, कानातली, घड्याळाच्या साखळ्या घडवत. केस प्रिय माणसाचे, कधी हयात, कधी गेलेल्याचे. घरातलं असं जुनं काही मोडीत घालू नका, हे माझं नेहमीचं सांगणं आहे.

केस आधी धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात 15 मिनिटं उकळायचे. तेलकटपणा राहिला तर पेड निसटतात. 20-30 केसांचा एक पेड. मधे भोक असलेल्या गोल मेजाभोवती पेड सोडायचे, प्रत्येकाच्या टोकाला शिशाचं वजन. मग मधल्या दांडीभोवती गोफ विणायचा, दांडीसकट उकळायचा, भट्टीत वाळवायचा आणि दांडी अलगद काढायची. हे दुसरं उकळणं चुकलं की आकार टिकत नाही. आणि केस दागिन्याच्या दुप्पट लांब हवेत, दुप्पट!

म्हणून तर कारागीर आखूड केस बदलून दुसऱ्याचेच विणतील, अशी धास्ती असे. दागिना सुबक आहे, पण बट कोणाची?

जर्मन संगीतकार बेटोव्हेनचंच पाहा. 1826 साली व्हिएन्नातले पियानोवादक आंटोन हाल्म यांच्या पत्नीला त्याची बट हवी होती. त्याच्या भोवतालच्या मंडळींनी थट्टेने बोकडाच्या दाढीचे केस पाठवले! बाईंनी ते भक्तिभावाने ठेवून घेतले. बेटोव्हेनला कळलं तेव्हा तो संतापला. हाल्म भेटायला आले, तर त्यांना म्हणाला, तुमची फसवणूक झाली. आणि स्वतःचे केस कापून कागदात बांधून हाती दिले.

पुढच्या वर्षी तो गेला. 15 वर्षांच्या फर्डिनांड हिलरने तेव्हा कापली म्हणून सांगितली जाणारी बट लॉकेटात जपली गेली. पुढे त्या केसांत भरपूर शिसं सापडलं आणि बेटोव्हेनला शिशाची विषबाधा झाली होती, असं जगभर छापून आलं. 2023 साली आठ बटांचा डीएनए तपासला. लॉकेटातली बट एका बाईची निघाली! हाल्मबाईंची मात्र अस्सल. तिच्यासह पाच बटा एकाच पुरुषाच्या.

मग 2024 साली अस्सल बटांतल्या दोन पुन्हा तपासल्या. हाल्मबाईंच्या बटेत दर ग्रॅममागे 380 मायक्रोग्रॅम शिसं होतं. एरवी 4 पेक्षा कमी असतं. म्हणजे शिसं त्याच्या अंगात होतंच. पण मृत्यू तेवढ्यानेच झाला, असं तपासणारे म्हणत नाहीत.