आधी फोन, मग बाकीचं

(दृश्य: अमळनेर तालुका. ओट्यावर कापसाचा ढीग, बाजूला तोलकाटा.)

खेडा खरेदीत, म्हणजे व्यापारी गावात येऊन माल घेतो तेव्हा, कापूस दारातूनच गाडीत जातो. पैसे मात्र हल्ली खात्यात येतात, आणि ते आले की फोनला जपावं लागतं. व्हॉट्सॲपवर एक फाइल येते. नाव 'पीएम किसान', शेपटीला एपीके, म्हणजे दाबली की फोनमध्ये ॲप बसवणारी फाइल. हप्ता अडकलाय, केवायसी करा.

आबांनी ती दाबली. फोनने विचारलं, मेसेज वाचू देऊ का? आबा हो म्हणाले. तिथून पुढे बँकेचा प्रत्येक ओटीपी भलत्याच माणसाकडे जाऊ लागला. चहा उकळेपर्यंत पैसे कापल्याचे मेसेज धडाधड येऊन पडले.

आजी म्हणाल्या, "कोणले सांगू नको."

गावात हसं होईल, पोरं बोलतील. सकाळी बँक उघडली की बघू, असं म्हणत रात्र निघून जाते. आणि पैसे तेवढा वेळ एका जागी बसत नाहीत. ते पहिल्या खात्यातून दुसऱ्यात, तिथून पाच-सहा खात्यांत फुटतात, मग कुठल्याशा एटीएममधून नोटा होऊन बाहेर पडतात. ही खाती चोराची नसतातच. चार-पाच हजारांसाठी कुणीतरी आपलं पासबुक आणि एटीएम कार्ड भाड्याने दिलेलं असतं. असं खातं देणारा पोरगाही गुन्ह्यात अडकतो, हे कॉलेजच्या कट्ट्यांवर जरा मोठ्याने सांगायला हवं.

(दृश्य: पुतण्याच्या हातात आबांचा फोन.)

पुतण्याने आधी इंटरनेट बंद केलं आणि आपल्या मोबाइलवरून 1930 हा सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा नंबर लावला. "आबा, मेसेज दखाडा." पलीकडून विचारणा झाली: खातं कोणत्या बँकेचं, किती रुपये गेले, किती वाजता? मग व्यवहाराचा क्रमांक. यूपीआयचा असेल तर हा बारा आकडी असतो आणि स्टेटमेंटमध्येही सापडतो. पुतण्या एकेक आकडा वाचत होता, आबा बोट ठेवून पडताळत होते. पैसा कुठल्या खात्यात गेला ते या क्रमांकावरून शोधता येतं, आणि तिथली बँक शिल्लक रक्कम रोखून धरते. जी आधीच निघून गेली ती यात येत नाही. म्हणून घाई.

फोन झाला की तक्रार क्रमांक मिळतो. तो जपून ठेवायचा आणि चोवीस तासांच्या आत सायबरक्राईम डॉट गव्ह डॉट इन या संकेतस्थळावर तक्रार पूर्ण करायची. स्क्रीनशॉट, ती फाइल, आलेले नंबर, काहीच पुसायचं नाही. रागाच्या भरात लोक फोन साफ करतात आणि पुरावाही जातो.

बँकेलाही लगेच कळवा आणि त्याची पोच घ्या. रिझर्व्ह बँकेच्या 2017 च्या परिपत्रकाने ठरवून दिलं की चूक ग्राहकाची असली, ओटीपी त्याच्याच हातून गेला असला, तरी बँकेला कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेच्या माथी. चूक ना ग्राहकाची ना बँकेची, अशी फसवणूक तीन कामकाजी दिवसांत कळवली तर ग्राहकावर काहीच नाही. काउंटरवरचा माणूस हे आपणहून सांगेलच असं नाही.

आता पोलीस ठाणं. धडगावच्या माणसाने सातपुडा उतरून नंदुरबारला जायचं म्हणजे दिवसाची मजुरी बुडाली. पण 1 जुलै 2024 पासून लागू असलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 प्रमाणे गुन्हा कुठल्याही हद्दीत घडो, त्याची खबर जवळच्या ठाण्यात देता येते. 'आमच्या हद्दीत नाही' हे उत्तर ऐकून परत फिरू नका.

रोखलेले पैसे आपोआप खात्यात येत नाहीत. बऱ्याचदा न्यायालयात अर्ज द्यावा लागतो, तारखा पडतात. आबांचे थोडेच पैसे अडवले गेले. बाकीच्या पैशांचा तपास चालू आहे.

याच काळात आणखी एक फोन येऊ शकतो. मधाळ आवाज: "सायबर खात्यातून बोलतोय, तुमची रक्कम सापडली, फक्त प्रक्रिया शुल्क भरा." पैसे परत मिळवून देण्यासाठी 1930 वरून कुणी शुल्क मागत नाही. तोही नंबर तक्रारीत जोडून टाका.