रहाट, छत्री आणि चार हात दोर

[दृश्य: महालक्ष्मी स्टेशनचा पूल. खाली धोबीघाट, वाळत घातलेल्या चादरींच्या रांगा.]

रविवारची सकाळ. महालक्ष्मीला लोकलमधून उतरलेली निम्मी माणसं पुलावरच थांबून धोबीघाटाचे फोटो काढतायत. आपल्याला पुढं जायचंय, वरळीच्या दिशेनं, डॉक्टर ई. मोझेस रोडनं नेहरू विज्ञान केंद्राकडं. हे मोझेस म्हणजे बेने इस्रायली, म्हणजे कोकणातल्या ज्यू समाजातले, १९३७ साली मुंबईचे महापौर झालेले. त्यांच्या नावाच्या रस्त्यावरून रोज लाखभर माणूस जात असेल, पण हे कोण होते असं विचारलंत तर टॅक्सीवालासुद्धा मान हलवेल. नेहरू विज्ञान केंद्र मात्र त्याला पक्कं ठाऊक असतं. आता तर भुयारी मेट्रोचं स्टेशनच आहे, ‘सायन्स सेंटर’ नावाचं.

[दृश्य: फाटक. तिकिटाची रांग. मुलं, डबे, पाण्याच्या बाटल्या.]

रांगेत आमच्या पुढं एक कुटुंब आहे. आई, बाबा, चौथीतली मुलगी आणि जुन्नरकडून चार दिवसांसाठी आलेली आजी. आजी नऊवारीत. तिला इथं का आणलंय हे तिला कुणी नीट सांगितलेलं दिसत नाही. “द्येऊळ हाय का?” असं तिनं एकदा विचारून घेतलं. नात म्हणाली, “नाही गं आजी, म्युझियम.” आजी म्हणाली, “बरं.”

आम्ही त्यांची परवानगी काढली आणि दिवसभर त्यांच्या मागंमागं फिरलो.

[दृश्य: विज्ञान उद्यान. झाडं, झाडांमधून जाणाऱ्या वाटा.]

या केंद्राची सुरुवात इमारतीपासून झाली नाही. १९७७ मध्ये प्रकाश आणि दृष्टी या विषयावरचं एक दालन उघडलं. १९७९ हे आंतरराष्ट्रीय बालवर्ष, त्या वर्षी हे उद्यान झालं. पूर्ण केंद्राचं उद्घाटन ११ नोव्हेंबर १९८५ ला, तेव्हाचे पंतप्रधान राजीव गांधी यांच्या हस्ते. म्हणजे मुलं आधी आली आणि छप्पर मागून. इमारतीचा आराखडा वास्तुविशारद अच्युत कानविंद्यांचा. जन्म मालवणजवळच्या आचऱ्याचा, शिक्षण मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत आणि पुढं हार्वर्डला. स्वतंत्र भारतातल्या कितीतरी संस्थांच्या इमारतींवर या कोकणी माणसाचा हात फिरलाय.

[दृश्य: मारुत विमान. त्याच्यासमोर सेल्फी काढणारी पोरं.]

हे लढाऊ विमान खेळण्यातलं नाही. एच.एफ. २४, मारुत. बंगळुरूला हिंदुस्तान एरोनॉटिक्सनं बांधलं, आराखडा जर्मन अभियंता कुर्ट टांक यांचा, पहिलं उड्डाण जून १९६१. ध्वनीच्या दुप्पट वेगानं उडावं असा बेत होता. पण त्या ताकदीचं इंजिन शेवटपर्यंत मिळालं नाही. तरीही १९७१ च्या युद्धात राजस्थानच्या आघाडीवर या विमानांनी कामगिरी केली. अंगकाठी पैलवानाची आणि खुराक अर्ध्या भाकरीचा, असं त्याचं झालं. मुलांना यातलं काही माहीत नसतं. ती नुसती विमानाच्या पोटाखालून वर बघत उभी राहतात, आणि तेही चांगलंच आहे.

[दृश्य: कप्प्यांच्या खुर्च्या. कॅमेरा दोराला घासणाऱ्या हातांवर.]

खरी गर्दी असते ती इथं. खुर्चीत बसायचं, समोरचा दोर ओढायचा आणि स्वतःच स्वतःला वर उचलायचं. शेजारी पाटी आहे. आधी पाटी वाचून मग दोर ओढणारा माणूस मला दिवसभरात एकही दिसला नाही. मी स्वतःही वाचली नाही.

नात बसली, ओढलं, खुर्ची हलली, किंचाळली. मग म्हणाली, “आजी, तू बस.” आजी लाजली. लोक बघत होते. पदर खोचला आणि बसली.

दोर हातात आल्याबरोबर तिचे हात बदलले. मुलं दोराला लोंबकळतात. आजीनं एका हाताखाली दुसरा हात टाकत, लयीत, घाई न करता दोर ओढला. खुर्ची वर गेली.

“ह्यो तर रहाट,” ती म्हणाली.

आणि मग पुढचं वाक्य, जे ऐकून आमच्या ध्वनिमुद्रकानं माइक जवळ नेला. “पर रहाटाला घागर सगळीच्या सगळी जड लागायची. नुसतं वाकायचं वाचायचं. हितं मी येवढी, आन् हलकी कशी?”

भौतिकशास्त्राच्या पुस्तकातला अख्खा धडा तिनं एका श्वासात विचारला.

विहिरीवरच्या रहाटाचं चाक एकाच जागी बसवलेलं असतं. ते फक्त दिशा बदलतं. घागर वर यायची तर दोर वर ओढायच्या ऐवजी खाली ओढता येतो, अंगाचा भार कामी येतो. पण घागरीचं वजन तेवढंच राहतं. खुर्चीत बसून आपणच आपल्याला ओढतो तेव्हा गोष्ट वेगळी. कप्पी एकच असली तरी दोराचं एक टोक खुर्चीला आणि दुसरं आपल्या हातात. आपलं वजन दोन दोरांवर वाटलं जातं. खुर्चीसकट साठ किलो असेल तर हाताला तीसच. कप्प्या वाढवून तेच वजन चार दोरांवर लटकवलं तर हाताला फक्त पंधरा. कप्पीचं घर्षण थोडं खातं, ते सोडून द्या.

पण फुकट काही नाही. चार दोरांवर एक मीटर वर जायचं तर चार मीटर दोर हाताखालून जायला लागतो. आजीला हे मीटरमध्ये सांगावं लागलं नाही. दुसऱ्या, चार दोरांच्या खुर्चीत बसून तिनं मोजलं. “चार हात मारलं तवा कुठं हातभर वर ग्येले,” ती नातीला म्हणाली. “हलकं हाय, पर येळ लागतो.”

विज्ञान केंद्र मुलांसाठी असतं असं आपण धरून चालतो. मला आता ते पटत नाही. नातीनं कप्पी पुस्तकातल्या चित्रात पाहिलेली. आजीच्या तळहातांनी वर्षानुवर्षं ओढलेली. खुर्चीनं प्रश्न विचारला तो आजीला.

[दृश्य: आतली दालनं, भरभर. आरशात बुटकी आणि लांबुडकी होणारी माणसं.]

आत अणुऊर्जेचं दालन आहे, हवामानबदलाचं आहे, भारतीय तंत्रपरंपरेचं आहे. अंतराळातून दिसावी तशी अधांतरी फिरणारी पृथ्वी आहे, तिच्यावर ढग सरकतात. सगळं एका दिवसात बघू नका, पाय बोलायला लागतात. आमच्या या कुटुंबानं दोन दालनं केली आणि बाबा बाकावर बसले ते बसलेच.

आणि ज्यांना वरळीला येणं जमत नाही, त्यांच्याकडं बस जाते. फिरतं विज्ञान प्रदर्शन. कल्पना कोलकात्याची. तिथलं बिर्ला संग्रहालय १९५९ मध्ये सुरू झालं आणि १९६५ मध्ये त्यांनी प्रयोग गाडीत भरून शाळांकडं न्यायला सुरुवात केली. तालुक्याच्या शाळेच्या पटांगणात ही बस उभी राहिली की पहिली ‘ए, मी आधी’ची आरोळी उठते, ती हुबेहूब वरळीसारखीच.

[दृश्य: पुन्हा उद्यान. दुपार कलली आहे. समोरासमोर, लांब अंतरावर दोन मोठ्या वाटोळ्या तबकड्या.]

निघताना नात थांबली. गावाकडं टीव्हीच्या ज्या तबकडीला छत्री म्हणतात, तसल्या दोन प्रचंड छत्र्या, एकमेकींकडं तोंड करून. मध्ये माणसांची वर्दळ, शिट्ट्या, कुणाचं तरी रडणारं पोर. एका छत्रीसमोर ठराविक जागी तोंड नेऊन पुटपुटलं, तर आवाज तबकडीवर आपटतो, विखुरण्याऐवजी सरळ रेषेत पलीकडं जातो आणि दुसरी छत्री तो पुन्हा एका बिंदूत गोळा करते. कान नेमका त्या बिंदूत हवा. वीतभर इकडंतिकडं झालं तरी आवाज हरवतो.

आई आजीला पलीकडं घेऊन गेली. नात इकडं कान लावून. आधी काहीच नाही. तिनं डोकं थोडं डावीकडं नेलं, थोडं वर. आणि एकदम स्तब्ध झाली.

[आवाज: गोंगाट हळूहळू मंद.]

“काय म्हणाली?” आम्ही विचारलं.

“म्हणतेय, डब्यातली पोळी तशीच ठेवलीस का गं.”