पाण्याकडं बघत बसलेली माणसं

तर मंडळी, पाणी भरून ठेवणं काय असतं हे सोलापूरकरांना सांगायला नको. नळ आला की बादली, पिंप, पातेली, जे हाताला लागेल ते भरायचं नि पुढचे चार-पाच दिवस पुरवायचं. जपानी लोकांनी पण पाणी भरून ठेवलंय, फक्त त्यांची टाकी ५० हजार टनांची, ४१ मीटर उंच, आणि ती कामिओका नावाच्या गावाजवळ जुन्या खाणीत, डोंगराच्या पोटात १ किलोमीटर खाली. सुपर-कामिओकांडे. १९९६ पासून चालू आहे, नि त्या पाण्याचं करतात काय तर काही नाही, बघत बसतात. बघायला आतल्या भिंतीवर ११ हजारांवर काचेचे मोठे फुगे, एकेक अर्धा मीटर रुंद, इवलासा उजेड पडला तरी सिग्नल देणारे.

आता बघायचं काय? तिथं १९८३ साली आधी ३ हजार टनांची छोटी टाकी झाली, ती प्रोटॉन, म्हणजे पाण्याच्या प्रत्येक अणूच्या गाभ्यातला कण, आपोआप फुटतो का हे बघायला. फुटत असलाच तर इतक्या काळानं की विश्वाचं वय त्यापुढं चिल्लर. मग एकाच प्रोटॉनकडं बघून काय उपयोग? कढईत ज्वारीचा एकच दाणा टाकून लाहीची वाट बघितल्यासारखं ते. पोतंभर टाका, एखादा तरी लवकर तडकेलच ना, म्हणून एवढं पाणी. आणि जमिनीखाली का, तर वर आकाशातून सारखा कणांचा मारा चालू असतो, गड्ड्याच्या यात्रेत कुणी कानात कुजबुजलं तर काय ऐकू येणार!

पण न्यूट्रिनो, म्हणजे सहसा कशालाच न अडणारे इवलेसे कण, डोंगराला भीक घालत नाहीत, सरळ आत. अब्जावधी आरपार जातात, एखादाच पाण्यात धडकतो आणि त्यातून इलेक्ट्रॉन नाहीतर म्यूऑन (इलेक्ट्रॉनचाच जड भाऊ) उडतो. पाण्यात प्रकाश मंदावतो, सेकंदाला सव्वादोन लाख किलोमीटर, हा कण त्याच्याही पुढं पळतो नि निळसर उजेड सोडतो, त्याचं भिंतीवर कडं उमटतं. म्यूऑनचं रेखीव, इलेक्ट्रॉनचं जरा पिसकटलेलं, मी थापलेल्या भाकरीच्या काठासारखं.

प्रोटॉन फुटायची वाट बघणाऱ्यांना न्यूट्रिनोंचा हा उजेड सुरुवातीला कटकटच होती, प्रोटॉन फुटल्याचा उजेड कुठला नि हा कुठला हे ओळखायचं कसं? पण २३ फेब्रुवारी १९८७ ला, दुसऱ्या दीर्घिकेत फुटलेल्या ताऱ्याचे ११ न्यूट्रिनो त्या छोट्या टाकीत काही सेकंदांत सापडले, त्या टाकीचे प्रमुख शास्त्रज्ञ कोशिबांना २००२ चं नोबेल. मग १९९८ ला मोठ्या टाकीत दिसलं की पृथ्वी भेदून खालून येणारे म्यूऑन-न्यूट्रिनो (म्यूऑन उडवणाऱ्या जातीचे) वरून येणाऱ्यांपेक्षा बरेच कमी, म्हणजे वाटेत ते जात बदलतात, आणि वजन नसतं तर ती बदलता आली नसती, म्हणजे त्यांना वजन आहे. त्या गटातले शास्त्रज्ञ काजिता, २०१५, परत नोबेल. कटकटीवर दोन नोबेल!

आणि हो, ह्यात आपण मागं नव्हतो बरं का. वातावरणात तयार होणारे न्यूट्रिनो पहिल्यांदा सापडले त्यात १९६५ ची कोलारची सोन्याची खाण आहे, आपल्या शेजारच्या कर्नाटकातली, मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेची (टीआयएफआर) माणसं होती तिथं. हे शाळेत कुणी सांगत नाही, मला पण फार उशिरा कळलं.

मघाशी एका काकांनी विचारलं, मग प्रोटॉन फुटला का? नाही ओ काका, अजून एक पण नाही. म्हणून आता तिथंच जवळ २ लाख ६० हजार टनांची टाकी बांधायला घेतलीय.