टँकरवरचा ‘इन’

नमस्कार श्रोतेहो.

मागच्या आठवड्यात आठवीतली भाची आणि मी द्वारका चौकात सिग्नलला थांबलो होतो. पुढे पेट्रोलचा टँकर. तिनं मागची अक्षरं वाचली, ‘हायली इन्फ्लेमेबल’, आणि निर्धास्त होऊन म्हणाली, “मामा, हा पेटणार नाही. ‘इन’ म्हणजे नाही!” करेक्ट, इनकरेक्ट, व्हिजिबल, इनव्हिजिबल. पोरीचं गणित चोख होतं, पण उत्तर जिवावर बेतणारं.

लॅटिनमधून इंग्रजीत दोन ‘इन’ आले. एक नकाराचा, दुसरा ‘आत’ सांगणारा. टँकरवरचा हा दुसरा: पेट घेणारा. हा घोटाळा टळावा म्हणून 1920 च्या दशकात अमेरिकेतल्या अग्निसुरक्षेच्या जाणकारांनी ‘इन’ गाळून नुसतं ‘फ्लेमेबल’ लिहा, असा आग्रह धरला. दोन्ही शब्दांचा अर्थ एकच, ज्वालाग्राही.

लासलगावच्या कांद्याची बोलणी ऐका, तिथंही हे भेटतात. ‘पोर्ट’ म्हणजे मुळात वाहून नेणं. एक्स्पोर्ट बाहेर, इम्पोर्ट आत, ट्रान्स्पोर्ट इथून तिथं. इम्पोर्टमधला ‘इम’ म्हणजे आत; इम्पॉसिबलमधला मात्र नकार! आणि ‘इन’चा ‘इम’ का? पुढच्या ‘प’साठी ओठ आधीच मिटतात. आपणही ‘अंत’मध्ये न् आणि ‘चंपा’मध्ये म् म्हणतो, टिंब तेच. उत् अधिक लेख उल्लेख, तसाच इन अधिक लीगल इल्लीगल.

घरी आल्यावर मी तिला ‘हृ’ धातू सांगितला. त्याचाही अर्थ नेणं. त्यातून आहार, विहार, प्रहार, संहार. “आहार आणि संहार एकाच घरचे?” तिचा विश्वासच बसेना.

मला स्वतःला सगळ्यात प्रिय आहे ती ‘अन’ची गोष्ट. इंग्रजीचा ‘अन’, लॅटिनचा नकारार्थी ‘इन’, ग्रीक आणि संस्कृतचे ‘अ’, ‘अन्’ ही सगळी एकाच प्राचीन मुळाची लेकरं. पुढे स्वर आला की संस्कृतात ‘अन्’ येतो, अनादर, अनिच्छा. ग्रीकमध्येही तसंच, आपल्या दवाखान्यात रोज ऐकू येणारा ॲनिमिया तिथलाच.

आता ‘अननोन’ आणि ‘अज्ञात’ शेजारी ठेवा. उपसर्ग एकाच मुळाचे, धातूही एकाच मुळाचे. स्पेलिंगमधला तो मुका ‘के’, ज्याच्यापायी मुलांचे मार्क जातात, तो आपल्या ‘ज्ञा’मधल्या ‘ज’चा सख्खा भाऊ आहे.

भाचीनं दोन्ही शब्द वहीत लिहिले आणि ‘के’खाली दोनदा रेघ ओढली.