आठ तास ड्युटी, सोळा तास घर

हा फळा बघा. पोलीस ठाण्यात शिरलात की कुठल्यातरी भिंतीवर असतोच. ठाणे अंमलदार, वायरलेस, बीट, कोर्ट, बंदोबस्त, आणि पुढे नावं. पोलिसाच्या घरी आज जेवायला किती जण हे इथे ठरतं.

२०१४ ला पोलीस संशोधन आणि विकास ब्युरोने हैदराबादच्या ॲडमिनिस्ट्रेटिव्ह स्टाफ कॉलेजकडून देशभराचा अभ्यास करून घेतला होता. त्यात दिसलं की ठाण्यातला जवळपास ९० टक्के स्टाफ रोज आठ तासांच्या वर काम करत होता, आणि ७३.६ टक्के लोकांना महिन्यातून एकसुद्धा साप्ताहिक सुट्टी मिळत नव्हती. म्हणजे साप्ताहिक फक्त नावाला. आठ तासांच्या पाळ्या करायच्या तर मंजूर माणसांच्या १.६८ पट माणसं लागतील असंही त्यात होतं, आणि एवढी भरती कोण करणार, म्हणून विषय तिथेच थांबायचा.

आता मुंबईतलं देवनार पोलीस ठाणं. इथल्याच एका अंमलदाराने, म्हणजे कोणी साहेब नाही, बाहेरचा कन्सल्टंट तर नाहीच, वही-पेन घेऊन आकडेमोड सुरू केली. बारा तासांच्या दोन पाळ्यांच्या जागी आठच्या तीन करायच्या म्हटलं की त्याच कामाला माणसं दीडपट लागणार, हे कुणीही सांगेल. पण ठाण्यात किती जण आहेत, त्यातले कोण कुठल्या कामाला अडकलेत, तेच काम कमी माणसांत होतं का, हे सगळं मांडून त्याने आहे त्याच माणसांत तीन पाळ्या बसवल्या. मुंबईचे तेव्हाचे पोलीस आयुक्त दत्ता पडसलगीकरांनी तो तक्ता बघितला आणि मे २०१६ मध्ये देवनारलाच प्रयोग सुरू झाला. आठ तास काम, सोळा तास आराम. मला विचाराल तर या सगळ्यात खरं संशोधन ती वही आहे.

नंतर मुंबईत बाकीच्या ठाण्यांतही हे आलं, झोप झालेला पोलीस तक्रारदाराशीही जरा सरळ बोलतो, आणि मग कुठेतरी घडी विस्कटली. जानेवारी २०२२ मध्ये महिला अंमलदारांसाठी आठ तासांचा आदेश परत काढावा लागला.

ही गिरगाव चौपाटी, अनंत चतुर्दशी. आज पाळीबिळी काही नाही, सगळे बंदोबस्तावर, आणि त्याला कुणाची तक्रारपण नाही.

आणि हा दुसऱ्या दिवशी सकाळचा फळा. नावं तीच.