तिरपं केलं म्हणजे इटॅलिक होत नाही

नमस्कार मंडळी. फळ्यावर विषय लिहिलाय 'नाजूक इटॅलिक टाइपफेस: रूप आणि वापर', आणि सात वाजता हॉल भजनाला द्यायचाय असं आत्ताच कानात सांगितलंय. तरी आधी भाचीच्या कंकोत्रीचं ऐकाच. (बडोद्यात कंकोत्री म्हणजे लग्नपत्रिका हे मराठी माणसालाही सांगावं लागत नाही, हे एक बरंय.)

रावपुऱ्यातला एक प्रेसवाला, नाव नको, रोज तिकडनंच जावं लागतं. मी ताईला म्हटलं, इंग्रजी बाजूला झाफ चान्सरी लाव, हर्मन झाफचा 1979 चा इटॅलिक फॉन्ट, टाकानं लिहिल्यासारखा दिसतो. त्यानं लावला हो, पण सगळी नावं कॅपिटलमध्ये! ती कॅपिटलं शेपटीवाली, शब्दाच्या आरंभी एकेकटी शोभतात, ओळीनं दहा उभी केली की वरातीत सगळेच नवरदेव. त्यात मरून कागदावर सोनेरी फॉइल. केसासारख्या रेषा उठल्याच नाहीत, एनचे दोन खांब उरले आणि मधला सांधा गायब. विचारलं तर म्हणतो, "साहेब, चालशे, कोण वांचे छे!" वाचतात ना! नवरदेवाचे काका हॉलचं नाव न लागल्यामुळे फोन करत करत आले, तोवर अक्षता पडून गेलेल्या. आणि बोलणी मला, कारण फॉन्ट मी सुचवलेला.

मराठी बाजू तर विचारू नका. कॉम्प्युटरवर देवनागरी तिरपी केली की शिरोरेघ सपाटच राहते आणि काने तेवढे कलतात, म्हणजे दोरी सरळ आणि वाळत घातलेले कपडे वाऱ्यानं एकीकडे.

काय, दहाच मिनिटं? बरं, मुद्दा.

इटॅलिक हे घाईच्या हाताचं अक्षर आहे. 1501 मध्ये व्हेनिसला आल्डस मनुशियस या छापखानेवाल्यानं फ्रान्चेस्को ग्रिफोनं कोरलेल्या छपाईच्या खिळ्यांनी रोमन कवी व्हर्जिल छापला, लहान आकारात, अख्खा इटॅलिकमध्ये, कॅपिटलं मात्र उभी. पोपच्या कचेरीतला लेखनिक अर्रिगी, त्याचा 1522 सालचा कित्ता लाकडी ठशांवरून छापलेला, तो मिळाला तर बघाच. छापील दुमजली ए (a) तिथं हातानं लिहितो तसा एकमजली होतो, एफचा पाय ओळीखाली उतरतो, एनची कमान पहिल्या खांबाच्या पोटातून फुटते, आणि कल अगदी थोडा. वापर म्हणाल तर आमंत्रण, मानपत्र, कवितेच्या चार ओळी. मोठ्या साईजला, भोवती मोकळी जागा ठेवून. खडबडीत कागद नको, फॉइल तर नकोच.

आणि आपली घाईची लिपी मोडी. आधी ओळभर रेघ ओढायची, मग शक्यतो हात न उचलता अक्षरं. युनिकोडमध्येही, म्हणजे कॉम्प्युटरवरच्या अक्षरांच्या जागतिक यादीतही, ती आली 2014 ला. देवनागरीला खरं इटॅलिक हवं असेल तर ते मोडीच्या वळणातून काढावं एवढंच माझं म्हणणं, आणि त्याचीच अक्षरं काढून आणली होती, पण पेटीवाले दारात उभे दिसतायत. कागद बाहेर चपलांच्या रॅकवर ठेवतो. ती कंकोत्रीही तिथंच आहे, हॉलचं नाव कुणाला लागलं तर सांगा.