किन्सेआन्येरा: सोहळा नेमका कुणाचा?

नमस्कार, श्रोतेहो.

मेक्सिकोत, क्युबात, प्वेर्तो रिकोत आणि तिथून अमेरिकेत जाऊन राहिलेल्या घरांमध्ये मुलगी पंधरा वर्षांची झाली की मोठा सोहळा करतात. त्याला म्हणतात किन्सेआन्येरा. आधी चर्चमध्ये मिस्सा, म्हणजे प्रार्थनाविधी, मग हॉलवर जेवण आणि नाच. मुलीच्या अंगात घेरदार झगा, डोक्यावर मुकुट, भोवती नटलेल्या मैत्रिणी आणि त्यांचे जोडीदार. कितीतरी घरांत वडील लेकीच्या पायातली सपाट चप्पल काढून उंच टाचांची चढवतात. तिच्या हाती बालपणातली शेवटची म्हणून एक बाहुली देतात. मग बापलेकीचा वॉल्ट्झ नाच. खर्च एकट्याला झेपणारा नसतो, म्हणून केक एकाकडे, झगा दुसऱ्याकडे, वाजंत्री तिसऱ्याकडे असा तो जवळच्या माणसांत वाटला जातो. त्या माणसांना पाद्रिनो म्हणतात.

असा देखणा प्रसंग लेखकाच्या हाती आयताच लागतो. झगा, मेणबत्त्या, आईचे डोळे भरून आले, झालं प्रकरण! पण ज्यांनी या सोहळ्याबद्दल खरोखर काही सांगितलं, त्यांनी नाचाच्या मधोमध नजर ठेवलेली नाही. हे सगळं कोण कुणासाठी करतंय, तिकडे त्यांचं लक्ष आहे.

ज्युडिथ ओर्तिझ कोफर प्वेर्तो रिकोत जन्मल्या, अमेरिकेत वाढल्या. त्यांच्या कवितेचं नावच ‘किन्सेआन्येरा’, पण तिच्यात ना पाहुणे, ना केक, ना नाच. आहे ती एकटी मुलगी. तिच्या बाहुल्या पेटीत गेल्या आहेत. आई तिचे केस इतके ओढून बांधते की डोळे ताणले जातात. आणि आजपासून आपले कपडे, आपल्या चादरी तिनं स्वतः धुवायच्या आहेत. अंगातून जाणाऱ्या रक्ताची लाज का धरायची, लढाईत सांडलेलं रक्त तर सुंदर मानतात, असं ती विचारते. पानभराची कविता, पण पंधराव्या वर्षी मुलीचं शरीर कसं एकाएकी घराच्या पहाऱ्याखाली येतं, हे इतकं नेमकं मी दुसरीकडे वाचलेलं नाही.

एरिका सांचेझ यांची ‘आय ॲम नॉट युवर परफेक्ट मेक्सिकन डॉटर’ ही कादंबरी 2017 साली आली. शिकागोत राहणारं मेक्सिकन कुटुंब. थोरली मुलगी ओल्गा अपघातात गेली आहे. तिचा पंधराव्या वर्षाचा सोहळा झालाच नव्हता. ती रुखरुख आईच्या मनात आहे, आणि म्हणून ती धाकट्या हुलियाला झग्यात उभी करते. हुलियाला पुस्तकं हवीत, घरापासून लांबचं कॉलेज हवं. हा थाट तिला नकोच आहे. तो आपल्या नावानं असला तरी मेलेल्या बहिणीसाठी आहे, हे तिला पक्कं ठाऊक आहे. सांचेझ यांचं मोठेपण असं की त्या आईला खलनायिका करत नाहीत. सीमा ओलांडताना त्या बाईनं काय सोसलं, ते पुढे कळतं तेव्हा तिचा हट्टही समजतो, आणि मुलीची घुसमट तरीही तसूभर कमी होत नाही. दोघींची बाजू खरी. मला ही कादंबरी फार जवळची वाटते ती यामुळेच.

टेक्सासमधल्या सॅन अँटोनिओच्या डायान गोन्झालेस बर्ट्रांड यांनी 1995 सालच्या ‘स्वीट फिफ्टीन’ या कादंबरीत झगा शिवणारी बाईच नायिका केली. ज्या मुलीचा झगा आहे तिचे वडील नुकतेच वारले आहेत. ज्या सोहळ्यात बापाची जागा इतकी ठरलेली, तिथे बापच नसेल तर काय, हा प्रश्न मापं घेता घेता समोर येतो.

डॉमिनिकन वंशाच्या हुलिया आल्वारेझ यांनी मात्र कथा रचली नाही. ‘वन्स अपॉन अ किन्सेआन्येरा’ या 2007 सालच्या पुस्तकासाठी त्या न्यूयॉर्कमधल्या क्वीन्स भागात एका मुलीच्या सोहळ्यात दिवसभर वावरल्या. झगे विकणाऱ्यांशी, फोटोवाल्यांशी, धर्मगुरूंशी बोलल्या. ही प्रथा थेट मेक्सिकोतल्या जुन्या ॲझ्टेक लोकांच्या काळापासून चालत आली, या दाव्याकडेही त्यांनी चिकित्सेनं पाहिलं. त्यांची खरी काळजी वेगळी आहे: एका रात्रीसाठी राजकन्या केलेल्या मुलीला दुसऱ्या दिवशी शाळा, पैसा, कोवळ्या वयातलं गरोदरपण, या सगळ्याला तोंड द्यायला आपण काय दिलं? काही ठिकाणी त्या फार उपदेश करतात, असं मला वाटतं. पण प्रश्न टाळत नाहीत, आणि स्वतःच्या तरुणपणातली फरफटही मांडतात.

पुढे काळ आणखी बदलला. 2017 च्या जुलैमध्ये ऑस्टिनला टेक्सासच्या विधानभवनासमोर मुली हेच रंगीत झगे घालून स्थलांतरितांविरुद्धच्या कायद्याचा निषेध करायला उभ्या राहिल्या, नाचल्या. घरातल्या वडीलधाऱ्यांनी ठरवलेला पोशाख त्यांनी स्वतःच्या कामासाठी घातला. त्या मुलींची कादंबरी मला वाचायची आहे. तोवर, श्रोतेहो, सुरुवात ओर्तिझ कोफर यांच्या कवितेपासून करा, आणि मग सांचेझ वाचा. घरात पंधरा वर्षांची मुलगी असेल तर तिलाही वाचायला द्या, आणि वाचून झाल्यावर ती काय म्हणते ते ऐका.

नमस्कार.